पिकअपची फ्रेम कापण्याआधी आणि कापताना: सस्पेन्शनची चाल वाढवण्यासाठी नवशिक्यांना मार्गदर्शन

गाडी उंच करणे आणि चाकाची चाल वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि नवशिक्यांचे बरेचसे श्रम या दोहोंची गल्लत झाल्यानेच वाया जातात. पाट्यांच्या स्प्रिंगखाली (लीफ स्प्रिंग) ठोकळे बसवले किंवा शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक फ्रेमला जोडणारा हलता दुवा, लांब केले की गाडी उंच दिसू लागते, परंतु चाक आधी जेवढे वर-खाली होत होते तेवढेच होत राहते, कित्येकदा त्याहूनही कमी. चाल म्हणजे पूर्ण लोंबकळलेल्या स्थितीपासून पूर्ण दाबलेल्या स्थितीपर्यंत चाक जेवढे उभे अंतर जाते, तेवढीच. कारखान्यातून आलेल्या पिकअपमध्ये हे अंतर साधारणपणे २०० ते २५० मि.मी. असते. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७पासून होत आलेल्या वाळवंटी शर्यतीतील सर्वांत वरच्या वर्गाच्या ट्रकांची मागची चाल याच्या तिपटीच्या आसपास असते. परंतु त्या गाड्यांचा सांगाडा मुळापासून नळ्यांचा बनवलेला असतो, आणि मूळ फ्रेमवर काम करणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये. मूळ फ्रेम ठेवून, ती नीट कापून व मजबूत करून, मागच्या चाकांना आणखी ७० ते १०० मि.मी. चाल मिळाली तरी खडबडीत वाटेवर गाडीचे वागणे ओळखू न येण्याइतके बदलते.

हा लेख शिडीसारखी फ्रेम, मागे अखंड एक्सल आणि पाट्यांची स्प्रिंग असलेल्या पिकअपपुरता आहे, कारण शिकणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे. पुढच्या चाकांविषयी शेवटी थोडे लिहिले आहे. ज्याने जाड पत्र्यावर वेल्डिंगचा पुरेसा सराव केलेला नाही, त्याने मोजमापे, खुणा, काप आणि जोडणी स्वतः करावी, पण अंतिम वेल्डिंग प्रशिक्षित वेल्डरकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. तसेच फ्रेममधील बदल बहुतेक देशांत नोंदणी अधिकाऱ्यांच्या मंजुरीविना रस्त्यावर चालत नाही आणि विमाही त्यामुळे अडचणीत येऊ शकतो, म्हणून ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी ही चौकशी लेखी स्वरूपात पूर्ण करावी. मंजुरी मिळत नसेल तर ती गाडी ट्रेलरवरून मैदानापर्यंत न्यायची, हे आधीच ठरवावे.

चाकाला नेमके कोण अडवते

पहिले काम कापण्याचे नाही, शोधण्याचे आहे. चाकाला वर जाताना आणि खाली येताना कोणता भाग सर्वांत आधी अडवतो, हे कळल्याखेरीज फ्रेमला हात लावू नये. त्यासाठी गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घेऊन पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावावा, मागचा भाग उचलून फ्रेमखाली भक्कम स्टँड द्यावेत आणि मागचे शॉकअब्सॉर्बर काढून टाकावेत. मग एक्सलखाली जॅक ठेवून पाट्यांचा संच सोडवावा व फक्त मुख्य पाटा परत बसवावा, म्हणजे एक्सल हाताच्या जॅकनेही पूर्ण वर नेता येतो आणि त्याचा मूळ मार्गही कायम राहतो. पुष्कळ जण पाटे न सोडवता जॅक लावतात. त्यात एक्सल वर जाण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते, आणि हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे.

आता एक्सल तळापासून वरपर्यंत २५-२५ मि.मी.च्या टप्प्यांनी न्यावा आणि प्रत्येक टप्प्याला एक्सलची नळी ते फ्रेम, टायर ते बॉडी, डिफरेन्शियल ते इंधनाची टाकी, ब्रेकच्या होजचा ताण आणि शॉकच्या वरच्या व खालच्या बोल्टमधील अंतर वहीत लिहावे. हीच मापे दोन्ही चाके एकत्र वर नेऊन एकदा आणि एकच चाक वर नेऊन एकदा, अशी दोनदा घ्यावीत. फ्रेमचा रेल, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर जाणारी तिची तुळई, चाकाच्या आत असतो, त्यामुळे एकच चाक वर गेले की चाकापाशी होणारी हालचाल रेलपाशी होणाऱ्या हालचालीपेक्षा बरीच मोठी असते. एक्सल आणि फ्रेममध्ये अजून बोटभर जागा दिसत असतानाच टायर बॉडीच्या पत्र्याला घासू लागलेला असतो. जिथे फट दिसत नाही तिथे मळलेल्या कणकेएवढ्या मऊ मातीचा गोळा चिकटवावा. एक्सल पूर्ण वर नेऊन खाली आणला की गोळा चपटा झालेला असतो, तो मधोमध कापून त्याची जाडी मोजली की उरलेली फट मिलिमीटरपर्यंत कळते. मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अंदाजाने केलेला काप नेहमी चुकीच्या जागी तरी पडतो किंवा गरजेपेक्षा खोल तरी.

एक उदाहरण घेऊ. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना एक्सलची नळी आणि फ्रेम यांत १२० मि.मी. जागा आहे आणि पूर्ण दाबला गेलेला रबरी बंप स्टॉप (एक्सल वर येताना त्याला अडवणारा ठोकळा) ४० मि.मी. जागा व्यापतो, असे समजा. म्हणजे वरची चाल फक्त ८० मि.मी. उरते. आपल्याला ती १४० हवी असेल तर ६० मि.मी. कमी पडतात, आणि बुश (पाट्यांच्या टोकांतील रबरी अस्तर) दबल्यावर एक्सल आडवा-तिडवा सरकतो त्यासाठी आणखी १५ मि.मी. सोडावे लागतात. मग फ्रेममध्ये ७५ मि.मी. खोल खाच, म्हणजे ज्याला सर्व जण नॉच म्हणतात ती, घ्यावी लागेल. आकडा असा वहीतून यावा.

कापण्यापूर्वी सोपे उपाय संपवा

बऱ्याच गाड्यांत मोजणीनंतर असे दिसते की अडवणारी वस्तू फ्रेम नाहीच. शॉक आखूड असतो, ब्रेकचा होज ताणला जातो किंवा शॅकल चुकीच्या कोनात उभे असते. शॅकलचे काम पाटा सरळ होताना त्याच्या वाढत्या लांबीला वाट देण्याचे आहे. एक्सल वर जाताना शॅकल मागे झुकत जाऊन रेलला टेकत असेल, तर चाल तिथेच संपते आणि हँगर, म्हणजे त्याचा फ्रेमवरचा आधार, थोडा सरकवणे पुरते.

पाट्यांची लांबी हा याहून मोठा विषय आहे. जाडी, रुंदी व पाट्यांची संख्या तीच ठेवली तर पाट्याचा ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे १२०० मि.मी.चा पाटा १५०० मि.मी.चा केला की ताठरपणा जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे तेच वजन पेलण्यासाठी पाट्यांची संख्या वा जाडी वाढवावी लागते, परंतु लांब पाटा तेवढीच चाल कमी ताण सोसून देतो आणि म्हणून अधिक टिकतो. लांब पाट्यासाठी हँगर फ्रेमवर सरकवावे लागतात, आणि हाही फ्रेममधील बदलच आहे. मऊ व लांब पाटे जोर लावताना इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात, त्याने यू-जॉइंट (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे) तुटतात. म्हणून अशा बदलात पाट्याच्या पुढच्या भागाला आधार देणारा अर्धा पाटा किंवा टॉर्क आर्म (एक्सलला पिळण्यापासून रोखणारा दांडा) धरूनच आखणी करावी.

रेल कापल्यावर काय जाते

मापांवरून फ्रेम कापावीच लागणार असे ठरले, तर आपण काय काढून घेत आहोत हे आकड्यांत पाहावे. १५० मि.मी. उंच, ६० मि.मी. रुंद आणि ४ मि.मी. जाड पत्र्याचा बंद पेटीसारखा रेल घ्या. त्याला खालून ७५ मि.मी.ची खाच घेतली आणि खाचेची मोकळी कड पुन्हा ४ मि.मी. पट्टीने बंद केली, तरी उरलेल्या ७५ मि.मी. उंचीच्या भागाचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा मूळच्या साडेपाचव्या हिश्श्यावर येतो आणि त्याच भाराखाली पत्र्यातील ताण सुमारे पावणेतीन पट होतो. उंची निम्मी झाली म्हणजे ताकद निम्मी झाली, असा साधा हिशेब इथे लागू पडत नाही. शिवाय बंप स्टॉप बहुधा नेमका याच जागी येतो, म्हणजे जिथे रेल सर्वांत दुबळा झाला तिथेच प्रत्येक मोठ्या आदळण्याचा घाव बसणार. म्हणून नुसती खाच घेऊन ती पट्टीने बंद करणे मी ऑफ-रोड गाडीसाठी योग्य मानत नाही. खाचेवर रेलच्या वरच्या बाजूने पेटीसारखा पूल चढवावा, असा की खाचेच्या जागीही एकूण उंची मूळ १५० मि.मी.पेक्षा कमी भरणार नाही. त्यासाठी मागच्या हौद्याची जमीन थोडी कापावी लागते, ती कापावी. हौद्याचा पत्रा बदलता येतो.

दुसरी गोष्ट पिळण्याची आहे. खडबडीत जमिनीवर फ्रेम वाकते त्याहून अधिक पिळली जाते. उघड्या, सी आकाराच्या रेलला आतून प्लेट लावून त्याची पेटी केली की पिळण्याविरुद्धचा ताठरपणा शेकडो पटींनी वाढतो. हे ऐकून संपूर्ण रेल बंद करण्याचा मोह होतो, परंतु जिथे ही पेटी एकदम संपते आणि उघडा रेल सुरू होतो तिथे सगळी पिळवट एकवटते आणि तडा त्या सीमेवर जातो. म्हणून पेटी करायची ती लागेल तेवढीच करावी आणि तिच्या टोकाची प्लेट माशाच्या शेपटीसारखी दोन टोकांत कापून तिचा शेवट हळूहळू व्हावा.

रेलचा पत्रा कोणता आहे हेही पाहावे. साधे सौम्य पोलाद आणि कमी मिश्रधातूंचे उच्च-ताकदीचे पोलाद योग्य पद्धतीने वेल्ड होते. उष्णता-प्रक्रिया केलेले रेल मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतात आणि अशा रेलवर वेल्डिंग न करण्याची सूचना निर्मात्याने दिलेली असते. गाडीच्या बॉडी-दुरुस्तीच्या पुस्तिकेत हे असते, ते वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

तयारी

बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात आणि फ्रेमजवळची नियंत्रण-पेटी व सेन्सरचे कनेक्टर सोडवावेत. इंधनाची टाकी पूर्ण उतरवून त्या खोलीच्या बाहेर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना आतील वाफांमुळे अधिक, धोकादायक असते. रेलच्या आतून जाणारे इंधनाचे पाइप, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कापाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना हातभर दूर करावे. वेल्डिंगच्या जागेवरील रंग, गंज आणि जस्ताचा मुलामा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो. त्याहून गंभीर सूचना अशी की, ब्रेक साफ करण्याच्या क्लोरीनयुक्त स्प्रेने पुसलेल्या धातूवर आर्क कधीही पेटवू नये. त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. पुसायला ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. अग्निशामक हाताशी असावा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास कोणीतरी गाडीजवळ थांबावे, कारण आवरणाखाली धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

आता गाडी फ्रेमवर उभी करायची आहे. दोन स्टँड खाचेच्या पुढे आणि दोन मागे, असे चारही रेलखाली घ्यावेत आणि रेल लेव्हलमध्ये आणावेत. काप झाल्यावर मागचा भाग लोंबकळत राहिला तर फ्रेम त्याच वाकड्या स्थितीत वेल्ड होईल. रेलवरील चार ठरलेल्या छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांतील फरक ३ मि.मी.हून अधिक असेल तर फ्रेम आधीच तिरकी आहे, ती सरळ करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. शेवटी दोन्ही रेलमध्ये खाचेच्या पुढे आणि मागे आडवे अँगल वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी जोडून घ्यावेत, म्हणजे उष्णतेने रेल आत-बाहेर ओढले जाणार नाहीत.

काप आणि पूल

पुठ्ठ्याचा नमुना आधी कापावा. खाचेचा आकार अर्धवर्तुळाकार ठेवावा. चौकोनी खाच कापायला सोपी असते, पण तिच्या आतल्या कोपऱ्यातच ताण साचतो. नमुना रेलवर ठेवून एक्सल पुन्हा एकदा पूर्ण वर न्यावा आणि नळी नमुन्याच्या मधोमध येते का ते पाहावे. पाट्याच्या मार्गामुळे एक्सल वर जाताना पुढे किंवा मागेही सरकतो, त्यामुळे गाडी उभी असतानाचा मध्य आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीतील मध्य एक नसतो. हे न पाहता काढलेली खाच एका बाजूला मोकळी राहते आणि दुसऱ्या बाजूला नळी तिला धडकते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच रेल घ्यावा. आधी वरचा पूल पूर्ण बसवून वेल्ड करावा आणि रेल थंड झाल्यावरच खालून खाच कापावी, म्हणजे रेल क्षणभरही दुबळा राहत नाही. पूल आणि बाजूच्या प्लेटा रेलच्याच जाडीच्या, अर्थात या उदाहरणात ४ मि.मी.च्या घ्याव्यात. जाड प्लेट अधिक मजबूत असे वाटते, परंतु पातळ रेलवर जाड प्लेट म्हणजे ताठरपणात अचानक बदल, आणि तडा पुन्हा त्या प्लेटच्या कडेलाच जातो. बाजूच्या प्लेटा खाचेच्या दोन्ही टोकांपलीकडे किमान रेलच्या उंचीइतक्या, म्हणजे १५० मि.मी. तरी, जाव्यात आणि त्यांची टोके तिरकी असावीत.

ही तिरकी टोके कशासाठी, हे मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या नॉचच्या प्लेटा सरळ आयताकृती होत्या आणि त्यांची उभी कड रेलच्या संपूर्ण उंचीवर वरपासून खालपर्यंत एकसलग वेल्ड केलेली होती. दिसायला ते वेल्डिंग सुंदर होते. काही महिन्यांनी गाडी धुताना उजव्या रेलवर, त्या उभ्या वेल्डच्या पायाशी, केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. नखाने खरवडले तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गंजाची बारीक ओळ खालच्या पट्टीपासून दीड बोट वर चढलेली आढळली. वेल्ड कुठेच सुटलेला नव्हता, त्याच्या शेजारचा रेलचा पत्रा फाटत चालला होता. तड्याच्या टोकाला ६ मि.मी.चे छिद्र पाडून तो तिथे थांबवला, संपूर्ण तडा खोदून काढून पुन्हा भरला आणि प्लेट काढून ४५ अंशांत निमुळती होणारी नवी प्लेट बसवली. तेव्हापासून रेलच्या लांबीला काटकोनात जाणारा एकही सलग वेल्ड मी ठेवत नाही, आणि वरच्या व खालच्या पट्टीच्या कडांवर तर वेल्ड सुरूही करत नाही आणि संपवतही नाही.

वेल्डिंगविषयी मोजकेच सांगतो. कडांना तिरका कोन द्यावा आणि दीड-दोन मि.मी.ची फट ठेवावी, म्हणजे वितळलेला धातू मुळापर्यंत पोहोचतो. मिग यंत्रात ईआर ७० एस-६ तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण, किंवा हाताच्या वेल्डिंगमध्ये कोरडा ठेवलेला ७०१८ रॉड, बहुतेक सौम्य पोलादी रेलना चालतो. एका दमात लांब वेल्ड ओढू नये. ३० ते ४० मि.मी.चा तुकडा करावा, मग विरुद्ध टोकाला जावे, मग दुसऱ्या बाजूला. मधूनमधून कर्ण मोजत राहावे. रेल आपोआप निवू द्यावा, पाणी टाकून थंड करू नये. अर्थची पकड वेल्डच्या अगदी जवळ, त्याच रेलवर लावावी, नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो. प्रत्यक्ष फ्रेमपूर्वी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर त्याच सेटिंगने वेल्ड करून ते शिकंज्यात धरून घणाने वाकवून पाहावेत. वेल्ड मुळातून उकलला तर यंत्राचे सेटिंग किंवा हात अजून तयार नाही.

छिद्रे पाडायची वेळ आली तर ती रेलच्या उभ्या बाजूवर, उंचीच्या मध्याजवळ पाडावीत, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला छिद्र पाडू नये.

शॉकची नवी जागा

चाल वाढली की शॉकही लांब लागतो आणि लांब शॉकसाठी वरचा माउंट उंच न्यावा लागतो. इथे कोनाचा हिशेब विसरला जातो. शॉक उभ्या रेषेपासून ३० अंश कलला असेल तर एक्सलच्या १०० मि.मी. हालचालीला तो सुमारे ८७ मि.मी.च हलतो, आणि चाकाजवळ त्याचा परिणाम उभ्या शॉकच्या ७५ टक्केच उरतो. ४५ अंशांवर तो निम्मा होतो. शॉक आडवा करून आखूड जागेत बसवला की गाडी डुलत राहते, ती यामुळेच. २० अंशांपर्यंतचा कल मला स्वीकारार्ह वाटतो. आपल्या उदाहरणात वर १४० आणि खाली १५० अशी २९० मि.मी. चाल धरली, तर २० अंश कलातील शॉकला सुमारे २७२ मि.मी. हलावे लागेल, ३०० मि.मी. स्ट्रोकचा शॉक घेतला की दोन्ही टोकांना १०-१५ मि.मी. राखीव राहतात.

वरच्या माउंटसाठी ४५ मि.मी. व्यासाच्या, ३ मि.मी. जाड, शिवणरहित किंवा ओढून काढलेल्या नळीची कमान दोन्ही रेलवर उभारून ती आडव्या नळीने जोडावी. कमान थेट रेलच्या पत्र्यावर न ठेवता आधी रेलवर कडा गोलावलेली प्लेट वेल्ड करावी आणि नळी त्या प्लेटवर घ्यावी, नाहीतर नळीचे तोंड पत्र्याला ठोशासारखे आत दाबते. शॉकचा बोल्ट दोन कानांमध्ये धरलेला असावा. एकाच बाजूने लोंबणारा बोल्ट ऑफ-रोडमध्ये वाकतो. कॉइल-ओव्हर, म्हणजे शॉकवरच चढवलेली गुंडाळीची स्प्रिंग, बसवणार असाल तर गाडीच्या मागच्या भागाचे वजन याच बिंदूतून फ्रेममध्ये उतरते, आणि साध्या शॉकसाठी बनवलेली कमान त्याला पुरत नाही, हे विसरू नये.

चाक कुठे थांबणार

शॉकने चाकाला थांबवायचे नसते, ना वर ना खाली. वर बंप स्टॉप थांबवतो, आणि शॉक पूर्ण दाबला जाण्याच्या १०-१५ मि.मी. आधी तो स्वतः पूर्ण दाबलेला असला पाहिजे. त्याची बैठक पुलाच्या पेटीवर घ्यावी आणि तिच्याखाली आत एक उभी पट्टी द्यावी, म्हणजे घाव पातळ पत्र्यावर न बसता दोन्ही उभ्या बाजूंत वाटला जाईल. खाली येणाऱ्या एक्सलला कापडी लिमिट स्ट्रॅप अडवतो. हा पट्टा झटक्यात ताणला जातो, दर ३०० मि.मी. लांबीमागे साधारण २५ मि.मी., त्यामुळे तो मोजून तेवढा आखूड घ्यावा लागतो.

मग एक्सल पुन्हा पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावा, या वेळी सर्व भाग बसवून. प्रोपेलर शाफ्टची सरकती बाही पूर्ण खाली असतानाही पुरेशी आत गुंतलेली राहते का आणि पूर्ण वर असताना तळाला ठोकत तर नाही ना, हे पाहावे. दोन्हीकडे २५ मि.मी. राखीव असावेत. एक्सल पूर्ण खाली असताना शाफ्ट हाताने एक फेरी फिरवावा. यू-जॉइंट कुठे अडकत असेल तर तो हाताला लगेच जाणवतो. ब्रेकचा होज ताणलेला नसावा आणि टायरला लागणाराही नसावा. पाट्यांचे आणि रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच अंतिम आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढच्या बाजूविषयी

पुढची फ्रेम शिकणाऱ्याने कापू नये, असे मी स्पष्ट सांगतो. तिथे स्टिअरिंग, इंजिनाचे माउंट आणि धडकेच्या वेळी ठरलेल्या पद्धतीने चुरगळणारे भाग एकत्र असतात, आणि एअरबॅग उघडण्याची वेळही त्या चुरगळण्यावर बेतलेली असते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत पुढची चाल मुळात फ्रेमने नव्हे तर आर्मची (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या बाहूंची) लांबी, त्यांच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा कोन आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन यांनी मर्यादित असते. मूळ बोल्टांवरच बसणारे लांब आर्म, तेवढेच लांब टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारे दांडे) आणि शाफ्ट यांचा जुळवलेला संच घेणे हाच तिथला योग्य मार्ग आहे. आर्म लांब आणि टाय रॉड मूळचाच ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळते.

रंग आणि पहिल्या फेऱ्या

वेल्ड निवल्यावर स्लॅग आणि ठिणग्यांचे कण काढावेत, मात्र वेल्ड घासून सपाट करू नये. बंद केलेल्या पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्र ठेवावे, आणि त्याच छिद्रातून लांब नळीच्या स्प्रेने आत गंजरोधक मेण मारावे, कारण वेल्डिंगने आतला रंग जळालेला असतो आणि तिथे गंज बाहेरून दिसत नाही. बाहेर प्रायमर आणि त्यावर फिका राखाडी रंग द्यावा. बहुतेकांना फ्रेम काळी आवडते, पण काळ्या रंगावर केसाएवढा तडा दिसत नाही. फिक्या रंगावर गंजाची रेघ दुरूनही उठून दिसते.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, मंद वेगाने, रिकाम्या गाडीने घ्यावी आणि परत येऊन प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा. मग खडबडीत वाटेवर वेग हळूहळू वाढवावा आणि बंप स्टॉपवर खडूची भुकटी लावून तो किती वेळा टेकतो ते पाहावे. प्रत्येक लहान खड्ड्यात टेकत असेल तर पाटे मऊ आहेत किंवा शॉक दाबला जाताना पुरेसा विरोध करत नाही, आणि ते आधी सुधारावे. पहिल्या ५०, २०० आणि ५०० किलोमीटरनंतर, आणि त्यापुढे प्रत्येक कठीण फेरीनंतर, गाडी धुऊन प्लेटांची टोके, कमानीचे पाय आणि खाचेची कड टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावी. शंका आली तर रंग खरवडून भेदक रंगद्रव्याची तपासणी करावी: लाल द्रव लावून थोडा वेळ थांबावे, पुसावे, पांढरा स्प्रे मारावा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, आणि ती उमटली तर गाडी त्याच जागी थांबवून वेल्ड उघडावा लागतो.